व्हेगन म्हणजे शहरी फॅड? गांधींनी १९१२ सालीच दूध सोडलं होतं

हल्ली तालुक्याच्या गावातसुद्धा ‘व्हेगन’ हा शब्द ऐकू यायला लागलाय. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं दिवाळीत घरी येतात आणि कोरा चहा मागतात. आजी विचारते, "मटण सोडलंस ते समजलं बाबा, पण दुधानं तुझं काय घोडं मारलं?" बाकीचे म्हणतात, पैसेवाल्यांची परदेशी थेरं.

व्हेगन म्हणजे मांस, मासे, अंडी नाहीतच. शिवाय दूध, दही, तूप, मधही नाही. चामडं, रेशीमसुद्धा शक्यतो नाही. शब्द परदेशी आहे हे खरं. पण त्यामागचा प्रश्न परदेशी नाही, आणि तो शब्द जन्मायच्या ३२ वर्षं आधी विचारणारा माणूस आपल्या नोटेवर आहे.

१९१२ साल. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर गांधी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडलं. कारणं दोन होती. एक, दुधामुळे विकार वाढतात ही त्यांची ब्रह्मचर्याच्या विचारातून आलेली समजूत. ती आज कुणी मान्य करेल न करेल. दुसरं कारण मात्र आजही तसंच उभं आहे. कलकत्त्याकडचे गवळी गायी-म्हशींचे कसे हाल करतात, याची माहिती त्यांच्या वाचनात आली होती. ‘फुका’ नावाचा प्रकार त्यात होता. जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकायची, म्हणजे ते पान्हा चोरत नाही, शेवटचा थेंबही निघतो. हे कळल्यावर गांधींनी दुधाला रामराम केला.

नंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात फिरताना गांधी आमांशानं इतके आजारी पडले की जगतात की नाही अशी वेळ आली. हवापालटाला आपल्या माथेरानला आणलं, तिथंही उतार पडेना. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत डॉ. दलालांनी शस्त्रक्रिया केली आणि स्पष्ट सांगितलं, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधी प्रतिज्ञेवर अडून बसले. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली: नवस गायी-म्हशीच्या दुधाचा होता ना, मग शेळीचं घ्यायला काय हरकत?

गांधींनी ऐकलं. समोर रौलट कायद्याविरुद्धचा लढा होता, जगायचं होतं. पण त्यांनी स्वतःला फसवलं नाही. आत्मकथेत त्यांनी कबूल केलंय की शब्द पाळला, पण प्रतिज्ञेचा आत्मा मारला, आणि ते शल्य गेलेलं नाही. दुधाला वनस्पतीतून पर्याय कुणाला माहीत असेल तर कळवा, असं आवाहनही केलंय.

तिकडे इंग्लंडमध्ये महायुद्ध चालू असताना, नोव्हेंबर १९४४ मध्ये, सुतारकाम शिकवणारे शिक्षक डोनाल्ड वॉटसन आणि आणखी पाच जण एकत्र जमले. तेही शाकाहारीच होते. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की दुधाचा धंदा आणि मांसाचा धंदा एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं घेऊन त्यांनी ‘व्हेगन’ शब्द बनवला. वॉटसन २००५ साली वारले, ९५ वर्षांचे होऊन. म्हणजे दुधाशिवाय माणूस जगतो. फक्त बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून पुरेसं मिळत नाही, त्यामुळे व्हेगन माणसाला त्याची गोळी किंवा ते घातलेलं अन्न घ्यावंच लागतं. हे जीवनसत्त्व वेगळं काढता आलं १९४८ साली, गांधींची हत्या झाली त्याच वर्षी.

आता आपल्याकडे या.

फुका आज गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमात त्याचं नावच आहे. दूध वाढवायला जनावराच्या जिवाला अपायकारक इंजेक्शन देणंही त्याच कलमात येतं. तरी ऑक्सिटोसिनची बाटली कुठल्या गोठ्यात असते, हे गावात कुणाला माहीत नसतं का?

गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. व्याली की निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. पूर्वी त्याचा बैल व्हायचा. आता शेतात ट्रॅक्टर आलाय आणि एचएफ-जर्सीच्या गोऱ्ह्याला वशिंड नसतं, जू नीट बसत नाही. राज्यात गोहत्येला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, मार्च २०१५ पासून बैल-वळूंनाही लागू झाली. म्हैस त्यात नाही. मग गोऱ्हा रस्त्यावर, नाहीतर उपाशी. रेडकू आणि भाकड म्हैस कुठं जाते ते बाजाराच्या दिवशी बघा. दूध उत्पादनात आपला देश जगात पहिला, आणि म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांतही आपण आहोत. हा योगायोग नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ दूध-तूप खाऊन शेजारच्या मटणवाल्याला हिणवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

यात दोष दोन जनावरं सांभाळणाऱ्या शेतकऱ्याचा मी मानत नाही. पेंडीचा भाव वर, दुधाचा भाव खाली; भाकड गाय फुकट पोसायची कशी? चार रुपये स्वस्त दूध मागणारे आपणच, आणि गोऱ्ह्याचा खर्च मोजायला तयार नसलेलेही आपणच.

ज्याला दूध सोडायचंय त्याच्यासाठी आपलं ताट काही परकं नाही. भाकरी, पिठलं, ठेचा, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कोकणात नारळाच्या रसातली सोलकढी. यात दुधाचा थेंब नाही. गरिबाच्या घरी दूध कायम चहापुरतंच होतं. ज्याला सोडायचं नाही, त्यानं निदान कोरा चहा मागणाऱ्या पोराला हसू नये. तो जे विचारतोय ते गांधींना मरेपर्यंत सुटलं नव्हतं. फरक एवढाच, की त्यांनी शेळीच्या दुधाला पळवाट म्हणायची हिंमत दाखवली. आपण आपल्या पळवाटेला संस्कृती म्हणतो.

तुमच्या गावात गोऱ्ह्यांचं काय होतं? दूध घालणाऱ्या मंडळींनी खाली जरूर लिहा. पटलं नाही तरी चालेल, पण खरं लिहा.