सेवांची मोजदाद आणि तिचे फेरहिशेब

शेतातले धान्य खळ्यावर राशीने पडते, गिरणीतले कापड गाठी बांधून बाहेर निघते, आणि म्हणून त्यांची मोजदाद कष्टाची असली तरी शक्य असते. परंतु न्हाव्याने केलेली हजामत, हमालाने वाहिलेले ओझे किंवा वकिलाने कोर्टात केलेला युक्तिवाद ही कामे घडता घडताच संपतात, आणि मागे उरतो तो केवळ त्यांचा मोबदला, ज्याची नोंद बहुधा कोणत्याच वहीत होत नाही. जुन्या गावगाड्यात सुगीच्या दिवसांत न्हावी, परीट आदी बलुतेदार आपला वाटा सर्वांच्या देखत नेत, त्यामुळे सेवेचे मोल धान्याच्या मापाने निदान दृष्टीस तरी पडे; रोख मजुरीच्या शहरात तेही दृष्टीआड झाले.

दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ चे दरडोई उत्पन्न सुमारे २० रुपये काढले, ते मुख्यतः भौतिक उत्पादनाच्या आधारे. सेवांना त्यात स्थान नव्हते. १९४९ साली महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीला मात्र सेवा वगळून चालणार नव्हते. समितीचे सदस्य होते धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. गाडगीळांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून शहराची आर्थिक पाहणी घरोघरच्या चौकशीने केलेली असल्यामुळे लहान व्यावसायिकाची मिळकत कागदावर आणणे किती दुर्घट, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

अशा व्यवसायांसाठी रीत अशी, की धंद्यातील माणसांची संख्या सरासरी मिळकतीने गुणावयाची. पण संख्या येते खानेसुमारीतून, आणि ती दहा वर्षांनी एकदा. १९४१ ची युद्धामुळे आटोपती घेतलेली, म्हणून व्यवसायांचे सविस्तर तक्ते हवे असल्यास १९३१ पर्यंत मागे जावे लागे. मधल्या काळात देशाची फाळणी झाली, लक्षावधी निर्वासित शहरांत येऊन मिळेल तो धंदा करू लागले. समितीने १९५१ च्या पहिल्या अहवालात १९४८-४९ चे राष्ट्रीय उत्पन्न ८,७१० कोटी रुपये सांगितले आणि १९५४ च्या अंतिम अहवालात तेच ८,६५० कोटींवर आणले. एकाच सालाचे दोन आकडे पाहून पहिला खोटा होता असे मानणे अन्यायाचे होईल. तो हाती असलेल्या पुराव्यावर बांधलेला प्रामाणिक अजमास होता, आणि नवा पुरावा येताच तो बदलणे हे समितीचे कर्तव्यच होते.

सरकारी नोकरांचा पगार तर दफ्तरातच असतो. तरीही तेथे प्रथम अंदाजपत्रकातील रक्कम धरतात, मग सुधारित अंदाज येतो, आणि प्रत्यक्ष खर्चाचा ताळेबंद त्याच्याही मागाहून हाती लागतो. नाक्यावरच्या हमालाचा ताळेबंद कोणीच ठेवीत नाही, म्हणून त्याची मिळकत पुढची पाहणी होईपर्यंत जुन्याच सरासरीवर धरावी लागते.