पुडीतले आणि पंपातले: दम्याच्या औषधाची शंभर वर्षांची गोष्ट

गावोगावच्या बचत गटांच्या बैठकीत दम्याचा विषय निघाला की दोन वाक्ये आम्हाला हमखास ऐकायला मिळतात. पहिले, ‘पंप नको गं बाई, एकदा लागला की आयुष्यभर सुटत नाही.’ आणि दुसरे, ‘अमक्या ठिकाणी पुडी मिळते, तीन दिवसांत दमा बसतो.’ पंपाची भीती आणि पुडीवर भरवसा, असे हे दोन टोकांचे मत आहे. गंमत अशी, की पुष्कळदा पंपात आणि त्या बिननावाच्या पुडीत एकाच जातीचे औषध असते. त्याचे नाव स्टिरॉइड. पंपात ते मोजून, अगदी थोडे असते. पुडीत किती आहे ते देणाऱ्यालाही धड ठाऊक नसते. म्हणून आज आपण या औषधाचा इतिहास पाहणार आहोत. तो कळला, की कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, हे आपले आपल्याला ठरवता येईल.

दमा आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला तमक श्वास म्हणजे आपण ज्याला दमा म्हणतो तो. ढगाळ हवा, पाऊस, थंडी, पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो, रोग्याला आडवे झाले की त्रास होतो आणि उठून बसले की बरे वाटते, असे वर्णन तिथे आहे. ज्यांच्या घरात दमेकरी आहे त्यांना ते आजही पटेल. आपल्या पनवेलला तर वैद्यकीची मोठी परंपरा आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये इथे धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. पनवेल तेव्हा खाडीवरचे बंदर होते, आणि मुंबई-पुणे वाटेवरचा मुक्काम होता. इथली औषधे दूरदूर जात.

घरगुती उपाय तर किती होते! अडुळशाचा काढा आपल्या आज्या करत. त्या अडुळशातल्या एका द्रव्यावरूनच पुढे कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध निघाले. धोतऱ्याची पाने विडीसारखी ओढण्याची रीतही होती. ती १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंड-स्कॉटलंडला पोहोचली आणि तिथले दमेकरी शंभर वर्षे धोतऱ्याचा धूर घेत राहिले. त्याने छाती थोडी मोकळी होई, हे खरे. पण धोतरा विषारी आहे, म्हणून हा प्रयोग आज कुणीही करू नये.

हे सगळे उपाय एकाच बाजूचे होते. दमा उठला की श्वासाच्या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, ते सैल करायचे. पण नळ्यांना आतून सूज असते, तिचे काय? सूज राहिली की दमा आज बसतो आणि उद्या पुन्हा उठतो. त्या सुजेवरचे औषध सापडायला विसावे शतक अर्धे सरावे लागले.

गरोदर बायकांनी दिलेला सुगावा

आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अ‍ॅड्रिनल ग्रंथी म्हणतात. ती खराब झाली तर माणूस खंगत जातो, हे लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन या डॉक्टरांनी १८५५ मध्ये लिहून ठेवले. म्हणजे त्या ग्रंथीत जगण्याला आवश्यक असे काहीतरी तयार होत होते. ते काय, हे शोधायला पुढची ऐंशी वर्षे गेली. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांनी कत्तलखान्यातून जनावरांच्या ग्रंथी आणून त्यातली द्रव्ये वेगळी केली. त्यातल्याच एकाचे नाव पुढे कॉर्टिझोन पडले.

ते कशावर चालेल, याचा सुगावा मात्र बायकांमुळे लागला. मेयो क्लिनिकमध्येच फिलिप हेंच नावाचे संधिवाताचे डॉक्टर होते. संधिवाताने जखडलेल्या बाईला दिवस राहिले की तिचे सांधे मोकळे होतात आणि बाळंतपणानंतर दुखणे परत येते, हे त्यांनी पाहिले. कावीळ झालेल्या रोग्यांतही तसेच दिसे. याचा अर्थ शरीर स्वतःच काहीतरी तयार करते आणि त्याने सूज उतरते, असा त्यांनी तर्क केला. २१ सप्टेंबर १९४८ रोजी एका २९ वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिझोनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तिला अंथरुणातून उठणे कठीण होते. ती आठवड्याभरात चालत बाजारात जाऊन आली. केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण गोष्ट इथे संपत नाही. औषध थांबले की सूज परत येई. जास्त दिवस दिले की चेहरा चंद्रासारखा गोल होई, साखर आणि रक्तदाब वाढे, हाडे ठिसूळ होत, मन भरकटे. हे दोष पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागले होते.

करांद्याच्या नात्यातला कंद

सुरुवातीला हे औषध सोन्यापेक्षा महाग होते. ते बैलाच्या पित्तापासून बनवत आणि त्याला तीसपेक्षा जास्त पायऱ्या लागत. स्वस्त कसे झाले, ते ऐका. पनवेलच्या बाजारात कातकरी आणि ठाकूर बायका करांदे, कोनफळे विकायला बसतात ना? त्या कंदांच्याच कुळातले रानकंद मेक्सिकोच्या जंगलात उगवतात. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या रसायनतज्ज्ञाने त्या कंदांतल्या डायोसजेनिन या द्रव्यापासून शरीरातल्या रसांसारखी द्रव्ये तयार केली. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांना तर एक बुरशी सापडली. मधली सगळ्यात अवघड पायरी ती बुरशी सहज करून देई. कॉर्टिझोनची किंमत झपाट्याने उतरली. मेक्सिकोतले शेतकरी आणि आदिवासी डोंगरात कंद खणत होते आणि जगभरच्या रोग्यांना औषध मिळत होते. त्या कष्टकऱ्यांची नावे फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

इथे एक सांगून ठेवतो. करांदे खाल्ल्याने दमा बरा होत नाही. कंदातल्या द्रव्याचे स्टिरॉइड कारखान्यातच होते, पोटात होत नाही. करांदे भाजी म्हणून खावेत, औषध म्हणून नाही.

आतड्याची सूज

जी सूज श्वासनळीत, तिच्याच जातीची सूज आतड्यातही येऊ शकते. महिनोन् महिने पातळ शौच, त्यात रक्त आणि आव, पोटात कळा, वजन उतरणे. याला डॉक्टर अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स म्हणतात. बायका हे दुखणे लाजेपोटी लपवतात, मूळव्याध समजून वर्षे काढतात.

ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी २१० रोग्यांवर याची नीट परीक्षा घेतली आणि १९५५ मध्ये निष्कर्ष छापले. काहींना कॉर्टिझोन दिले, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सहा आठवड्यांनी कॉर्टिझोनवाल्यांपैकी दर शंभरात ४१ जणांचा त्रास थांबला होता, दुसऱ्या गटात १६ जणांचा. आतड्याच्या या दुखण्यावर असा पक्का पुरावा मिळालेले हे पहिले औषध. तरी ते रोज आयुष्यभर घेण्याचे नाही, हेही पुढच्या काळात स्पष्ट झाले. उठलेली सूज बसवायला ते चांगले, ती पुन्हा उठू नये म्हणून दुसरी औषधे लागतात.

आपल्याकडे यात एक मोठा धोका आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स ही दोन दुखणी वरून अगदी सारखी दिसतात. क्षय असताना चुकून स्टिरॉइड दिले तर क्षय पसरतो. म्हणून पोटाच्या अशा दुखण्यात तपासणीआधी स्टिरॉइड नको. डॉक्टर दुर्बिणीने तपासायला, तुकडा काढून पाहायला सांगतात ते उगाच नाही.

थोडे आणि नेमक्या जागी

पुढची चाळीस वर्षे शास्त्रज्ञांचा प्रयत्न एकच होता. औषध सगळ्या अंगात न पसरवता जिथे सूज आहे तिथेच पोहोचवायचे. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नाही, असे तिने विचारले आणि वर्षभरात दाबून मारायचा पंप बाजारात आला. त्यात आधी नळ्या उघडणारे औषध होते. १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड पंपातून देऊन पाहिले आणि गोळ्यांवर अवलंबून असलेल्या कितीतरी दमेकऱ्यांच्या गोळ्या सुटल्या. भारतात सिप्ला कंपनीने १९७० च्या दशकात दम्याचे पंप आणले. त्याच कंपनीचा एक कारखाना आपल्या शेजारी पाताळगंगेला आहे.

१९८० च्या दशकात स्वीडनमधून ब्युडेसोनाइड आले. ते पंपातून ओढले की श्वासनळीत काम करते. पुढे त्याचीच अशी कॅप्सूल निघाली, जी जठरात न विरघळता लहान आतड्याच्या शेवटी विरघळते. क्रोन्सवर ती चालते, हे १९९४ मध्ये युरोप आणि कॅनडातल्या दोन अभ्यासांत दिसले. रक्तात शिरलेल्या औषधाचा बहुतेक भाग यकृत लगेच निकामी करते, म्हणून बाकी अंगाला त्रास कमी. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ब्युडेसोनाइडचा समावेश आहे.

आता हिशेब करू. दम्याचा मोठा झटका आला की डॉक्टर काही दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनची गोळी देतात. पंपाच्या एका पफमध्ये साधारण २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड असते. वजनाने पाहिले तर एका दिवसाची ती गोळी २०० पफांएवढी होते. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, तरी फरक किती आहे ते लक्षात येते. मग भीती कशाची जास्त असायला हवी, पंपाची की अज्ञात पुडीची?

आपल्या गावात

राब भाजण्याचे दिवस, चुलीचा धूर, तळोजा-कळंबोलीकडची धूळ आणि ट्रकांची वर्दळ, पावसाळ्यातल्या भिंतीची बुरशी. आपल्या भागात दमा उठायला कारणे पुष्कळ आहेत आणि चुलीपुढे, राबापुढे बाईच उभी असते. मृगाला कुणी हैदराबादला माशाचे औषध घ्यायला जाते, कुणी पुडी आणते. नाव, घटक, बॅच नंबर काहीच नसलेल्या पुडीत स्टिरॉइड मिसळल्याचे देशात अनेकदा उघडकीला आले आहे. म्हणूनच ती ‘तीन दिवसांत’ गुण देते. आम्ही आयुर्वेदाला नावे ठेवत नाही. परवाना असलेल्या कारखान्याच्या बाटलीवर घटक छापलेले असतात. आमचा आक्षेप बिननावाच्या पुडीला आहे.

औषध तेच, पण कोणाला, किती आणि किती दिवस द्यायचे यावर सगळे अवलंबून असते, हे करोनाने नव्याने शिकवले. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासाने दाखवले, की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात. आणि २०२१ च्या लाटेत, साखर वाढलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या अनेकांना म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी झाली. आपल्या महाराष्ट्रात तिचे रोगी खूप होते. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला.

पुढच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी काही गोष्टी सांगतो.

नळ्या उघडणारा पंप आणि सूज उतरवणारा पंप वेगळे असतात. उघडणारा बहुधा निळा असतो. त्याने लगेच बरे वाटते, म्हणून तेवढाच वापरण्याची सवय होते. सूज मात्र तशीच राहते. २०१९ पासून जागतिक तज्ज्ञांनीही नुसत्या निळ्या पंपावर राहू नका, असेच सांगितले आहे.

सुजेचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. पंपाला जोडायची नळकांडी, म्हणजे स्पेसर, मागून घ्या. त्याने औषध घशात न अडकता छातीत जाते.

स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद करू नका. आयते मिळू लागले की आपली ग्रंथी सुस्तावते. अचानक तोडले तर रक्तदाब घसरून जिवावर बेतते. पुडी सोडतानाही हाच धोका असतो. म्हणून पुडी खाणाऱ्या बाईला रागावू नका. पुडी बरोबर घेऊन तिला डॉक्टरांकडे न्या आणि किती महिने घेते ते स्पष्ट सांगायला लावा.

गरोदरपणात पंप मनाने सोडू नका. धाप लागलेल्या आईच्या बाळालाही प्राणवायू कमी पडतो. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचा क्षय असेल तर स्टिरॉइड घेण्याआधी सांगा.

आणि कोणत्याही डॉक्टरांना, औषधवाल्यांना तीन प्रश्न विचारायला संकोचू नका: यात स्टिरॉइड आहे का? किती दिवस घ्यायचे? बंद कसे करायचे? पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात असो की गल्लीतल्या दवाखान्यात, उत्तर मिळणे हा आपला हक्क आहे. गटातल्या एकीला बोलायला भीती वाटत असेल तर दुसरीने सोबत जावे. पुढच्या भागात आपण क्षयाच्या तपासणीबद्दल बोलू.