हातमाग, यंत्रमाग आणि आपला विणकर समाज

आपल्या ज्ञातीचा इतिहास राजेरजवाड्यांच्या सनदांतून फारसा हाती लागत नाही. तो मागाच्या खड्ड्यात, सुताच्या लडीत आणि बाजारातील देण्याघेण्यात शोधावा लागतो. अलीकडे घरोघरी एकच चर्चा ऐकू येते, की विचार करणारी यंत्रे निघाली आहेत, आता मुलांच्या नोकऱ्यांचे काय होणार? ही चर्चा ऐकली की आम्हांस वाटते, विणकराच्या घरात हा प्रश्न नवा नाही. तो शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी येऊन गेला आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या वाडवडिलांनी कसे शोधले हे तरुण वाचकांना ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम इंग्लंडाकडे पाहू. जॉन के याने १७३३ साली उडता धोटा तयार केला आणि विणकराच्या हाताचा वेग एकदम वाढला. १७८५ साली कार्टराइटने शक्तीवर चालणाऱ्या मागाचे पेटंट घेतले. पुढे १८११ पासून नॉटिंगहॅमच्या बाजूस कारागिरांनी यंत्रे फोडण्यास आरंभ केला, तेव्हा पार्लमेंटने १८१२ साली यंत्र फोडणाऱ्यास देहान्त शिक्षा ठरविली. त्या कारागिरांना अडाणी म्हणण्याची रीत पडली आहे. आम्हांस ती पटत नाही. त्यांचा राग लोखंडावर नव्हता. ज्याच्या मालकीचे ते लोखंड होते त्याने मजुरी उतरविली, यावर होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. कोल्हापुरात श्री शाहू छत्रपतींनी १९०६ साली कापडाची गिरणी स्थापन केली. त्याच सुमारास, १९०४ साली, इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग सुरू केला. त्या वेळी इचलकरंजी ही घोरपडे जहागीरदारांच्या ताब्यात होती आणि नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्यासारखा उद्योगास आश्रय देणारा अधिपती तिला लाभला होता. एकाच दशकात, दहा-बारा कोसांच्या अंतरात, दोन निरनिराळ्या वाटा निघाल्या. कोल्हापूरच्या वाटेने गेला तो गिरणीचा कामगार झाला. इचलकरंजीच्या वाटेने गेला त्याला मात्र दोन-चार मागांचा धनी होण्याची आशा होती. हा फरक लहान नव्हे. यंत्र तेच, परंतु ते कोणाच्या दारात उभे राहते यावर घराचे भवितव्य ठरते.

हातमागाच्या घरात सारे घरच राबत असे. म्हातारी माणसे सूत उकलीत, बायका कांड्या भरीत, मुले तुटलेला धागा जोडीत, आणि कर्ता पुरुष मागावर बसून लुगडे विणीत असे. या कष्टांची फार गोड वर्णने स्मरणिकांतून येतात. पण बायकांच्या व मुलांच्या त्या कामाची वेगळी मजुरी कोणी मोजली? लुगड्याच्या किमतीतच ती बुडून जाई. यंत्रमाग आला तेव्हा कांडी भरणे, वहिफणी, सायझिंग ही कामे घराबाहेर गेली व त्यांना दाम मिळू लागले. ज्या बाईला घरात काही मिळत नव्हते तिला बाहेर थोडे तरी मिळू लागले, हे मान्य केले पाहिजे. उलट, एका मागावर एक विणकर ही जुनी जोडी मोडली. एकच माणूस अनेक मागांवर लक्ष ठेवू लागला. त्याची कला गेली आणि पाळत उरली. अष्टौप्रहर चाललेल्या त्या खडखडाटात कानांची जी हानी होते तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारलाही हा पेच सुटला नाही. १९५४ साली कानूनगो समितीने हातमागांचे हळूहळू यंत्रमागांत रूपांतर करावे असे सुचविले. लगेच १९५५ साली प्रा. द. गो. कर्वे यांच्या समितीने यंत्रामुळे आणखी बेकारी वाढू नये हे तत्त्व पुढे ठेवले. एकीने उत्पादनाकडे पाहिले, दुसरीने हातांकडे. आम्हांस कर्वे समितीचा प्रश्न अधिक योग्य वाटतो, जरी कानूनगो समितीचा अंदाज अधिक खरा ठरला. खुद्द गांधीजींनीही शिवणयंत्रास आपल्या विरोधातून वगळले होते, कारण त्यात त्यांना माणसाचे कष्ट हलके करण्याची इच्छा दिसली. पुढे १९८५ साली हातमागासाठी काही जिन्नस राखून ठेवणारा कायदा झाला, व प्रारंभी त्यात बावीस प्रकार होते. मागाहून ती यादी अकरावर आली. आज यंत्रावरचे कापड हातमागाचे म्हणून विकले जाते तेव्हा ती फसवणूक गिऱ्हाइकाचीच नसते. ज्याने खरोखर हाताने विणले त्याची भाकरीही त्यात जाते. आपल्यातील काही दुकानदारांस हे रुचणार नाही. असो.

१९८२ साली मुंबईतील गिरण्यांचा संप झाला आणि कापडाचा मोठा भाग भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या ठिकाणच्या मागांकडे वळला. मुंबईच्या कामगाराचे दुःख येथील मागधारकास भरभराट वाटले. त्या भरभराटीतही खर्चीवाला मागधारक व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणीत राहिला. माग त्याचा, वीजबिल त्याचे, कर्ज त्याचे आणि भाव मात्र दुसऱ्याचा. १९९९ पासून तंत्रसुधारणेसाठी केंद्र सरकारची अर्थसाहाय्य योजना आली व धोटाच नसलेले, हवेच्या झोताने धागा फेकणारे माग वाढू लागले. त्यांची किंमत चार मागांच्या धन्यास पेलणारी नाही. म्हणजे १९०४ साली ज्या यंत्राने लहान माणसाला धनी होण्याची आशा दिली, त्याच्याच वंशजाने ती आशा आता मोठ्या भांडवलाकडे नेली आहे. सहकारी तत्त्वावर असे माग सामाईक घेता येतील काय, याचा विचार ज्ञातिबांधवांनी करावयास हरकत नाही. सहकारी सूतगिरण्या आपल्याच भागात उभ्या राहिल्या आहेत.

एक विनंती आहे. ज्या घरांत जुना लाकडी धोटा, फणी किंवा मजुरीच्या वह्या अद्याप असतील त्यांनी त्या मोडीत घालू नयेत. वह्यांतील मजुरीचे आकडे, साल आणि व्यापाऱ्याने कापलेली रक्कम उतरवून संस्थेच्या कचेरीत द्यावी. घरातील बायकांनी काय काम केले तेही वडीलधाऱ्यांना विचारून त्यात लिहावे, कारण त्या वह्यांत ते सापडणार नाही.