दिवाण आणि गोत

भाऊबंदकीत कुणी बांध कोरला, की आज माणूस कागदांची पिशवी काखोटीला मारून तालुक्याची वाट धरतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी रोहिडखोऱ्यात, हिरडस मावळात किंवा गुंजण मावळात, म्हणजे आजच्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात, तो गोतापुढे उभा राही. गोत म्हटले की आपल्याला सोयरेधायरे आठवतात. जुन्या कागदांतले गोत त्याहून पुष्कळ मोठे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार अशी सारी मंडळी त्यात येत. त्यांच्या शेजारी सरकारचे अंमलदार बसत, हवालदार, मुजुमदार वगैरे. त्यांना म्हणत दिवाण. दोघे मिळून तंट्याचा निवाडा करीत आणि त्याचा महजर लिहून ठेवीत.

त्या महजरावरच्या निशाण्या पाहाव्यात. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, शेटे-महाजनांचा तराजू! अक्षरशत्रू माणसाचाही शब्द कागदावर उमटावा अशी ती सोय होती. आयुष्यभर मुलांना अक्षरे गिरवायला लावणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला तिचे मोठे कौतुक वाटते. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानीत. मात्र साक्ष मोलाची म्हणून त्याला बरोबरीचे आसन मिळत नसे, हेही सांगितले पाहिजे.

सरकारचा या सभेला आधार होता, तो पैशाचा नव्हे. उलट जिंकणाऱ्याने सरकारात 'हरकी' भरावयाची आणि हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. सरकार देई ते आपला शिक्का, आणि ठरले ते अमलात आणण्याचे बळ.

भोर तालुक्यातल्या रांझ्याची हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. 1646 साली तिथला मोकदम बाबाजी बिन भिकाजी गुजर याने बदकर्म केले आणि शिवाजीराजांनी त्याचे हातपाय तोडविले. गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पुढे काय झाले? मोकदमी सरकारजमा होऊन राहिली नाही, परक्याच्या घरातही गेली नाही. बाबाजीच्याच गोतातला सोनजी बनाजी गुजर त्याला सांभाळण्यास पुढे आला, आणि मोकदमी त्याला मिळाली. शिक्षा राजाची, पण वतन गोतात राहिले.

1818 साली पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनसाहेबाने 1819 च्या आपल्या अहवालात पंचायतीचे गुण मानले आणि ती टिकावी असेही लिहिले. पण 1827 चे कायदे आले, कोर्टे बसली. पंचाचा निवाडा ज्याला रुचला नाही तो कोर्टाची पायरी चढू लागला. पंचायत कुणी मोडली नाही, तिच्या शेजारून दिवाण उठून गेला इतकेच.

भोरला पंत सचिवांचे संस्थान होते, म्हणून इकडे इंग्रजी कोर्टे थेट आली नाहीत. 8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. (त्या संस्थानात राजगड नावाचा तालुका होता. 2024 साली सरकारने वेल्हे तालुक्याला राजगड हेच नाव देण्याचे ठरवले. नावेसुद्धा माहेरी येतात.) 1958 चा ग्रामपंचायतीचा कायदा झाला, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. गावात रस्ते, नळ, शाळाखोल्या होऊ लागल्या. तंटा मात्र कोर्टातच राहिला.

2007 च्या 15 ऑगस्टपासून सरकारने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती नेमावी, तंटे गावातच मिटवावेत, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला सरकारने बक्षीस द्यावे. पूर्वी तंटा मिटला की सरकार पैसे घेई, या मोहिमेत ते देऊ लागले! मला या बक्षिसाचे थोडे भय वाटते. पैशाच्या आशेने तंटा मिटवण्याऐवजी तो वहीत न लिहिणेच सोपे, आणि एका गावी मी ते पाहिलेही आहे.

पण दुसरेही पाहिले आहे. शाळेच्या ओट्यावर एका संध्याकाळी दोन भावांचा विहिरीच्या पाळीचा तंटा मिटला. कागद मीच लिहिला. भावांच्या सह्या झाल्या, पंचांच्या झाल्या, एका म्हातारबाबांनी अंगठा उठवला. तरी थोरला भाऊ कागदावरचा हात काढीना.

"गुरुजी, हवालदारसायबांची पण घ्या की," तो म्हणाला.

बीटाचे हवालदार सतरंजीच्या कडेला बसले होते. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली, माझ्याकडून पेन घेतले आणि अंगठ्याच्या ठशाशेजारी सही केली.