एक फोड, अनेक कारणे

वर्गात प्रश्नपेटी ठेवली, की एखादी चिठ्ठी हमखास निघते: 'लघवीच्या जागी फोड आला आहे. गुप्तरोग तर नसेल?' असे विचारणारा मुलगा फोडापेक्षा भीतीनेच अधिक हैराण झालेला असतो. पुरुषाच्या जननेंद्रियावरचा फोड म्हणजे 'गरमी'च, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. सगळ्यांना एकच नाव देण्याची ही चूक एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही केली होती.

लंडनचे प्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८६ मध्ये गुप्तरोगांवर ग्रंथ लिहिला. परम्याच्या रुग्णाचा पू टोचल्यावर त्या जागी उपदंशाचा, म्हणजे गरमीचा व्रण उठला, असे त्यांनी नोंदवले. त्यावरून दोन्ही रोग एकच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पू ज्याचा घेतला त्याला बहुधा दोन्ही रोग असावेत, ही शक्यता ध्यानात आली नाही. हंटर यांचा दबदबा मोठा, त्यामुळे चूक टिकून राहिली. पॅरिसच्या फिलिप रिकॉर्ड यांनी १८३८ मध्ये हे रोग वेगळे असल्याचे दाखवले. त्यासाठी त्यांनी रुग्णांनाच पू टोचला होता. असे प्रयोग आज कोणीही मान्य करणार नाही.

पुढे जंतूच सापडू लागले. १८८९ मध्ये इटलीच्या ड्युक्रे यांना दुखऱ्या, मऊ व्रणाचा जंतू आढळला. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञांनी उपदंशाचा मळसूत्रासारखा जंतू पाहिला.

पाण्याने भरलेल्या, झुबक्याने येणाऱ्या दुखऱ्या पुटकुळ्यांचे कारण मात्र निराळे होते: हर्पीस. हा शब्द 'सरपटणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला. आपल्या 'सर्प' शब्दाचा धातू त्याचाच भाऊबंद. जननेंद्रियावरील हर्पीसचे वर्णन फ्रेंच वैद्य झां आस्त्रुक यांनी १७३६ मध्येच केले होते. पण विषाणू सूक्ष्मदर्शकातून दिसत नसल्याने उलगडा लांबला. १९२० च्या सुमारास जर्मन नेत्रतज्ज्ञ ग्रूटर यांनी पुटकुळीतल्या द्रवाने सशाच्या डोळ्यात संसर्ग होतो हे दाखवले. याचे दोन प्रकार असल्याचे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. हा विषाणू मज्जापेशींत दडून राहतो, म्हणून पुटकुळ्या पुन्हा उठतात.

१९७० च्या दशकात अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध आले. विषाणूचे स्वतःचे एक विकर या औषधाला कार्यक्षम करते, त्यामुळे ते मुख्यतः बाधित पेशींतच काम करते. हे गूढ उकलणाऱ्या गटाच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन यांना औषधांवरील एकूण कार्यासाठी १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हर्पीस शरीरातून समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो.

अशा जागी फोड येण्याची साधी कारणेही बरीच आहेत. घर्षण, साबणाची किंवा मलमाची अ‍ॅलर्जी, खरूज ही त्यांपैकी काही. काहींना सल्फासारखे विशिष्ट औषध घेतले, की दर वेळी त्याच जागी चट्टा किंवा फोड उठतो. कधी फोड समजले जातात ते त्वचेवरचे नैसर्गिक बारीक दाणेच असतात.

काळजी सोपी आहे. फोड फोडू नये. साध्या पाण्याने धुऊन हलकेच टिपावे, सैल सुती कपडे वापरावेत. दुकानातून परस्पर आणलेले मलम लावू नये. त्यात स्टेरॉइड असल्यास संसर्ग बळावू शकतो. जखम भरेपर्यंत व तपासणी होईपर्यंत शरीरसंबंध टाळावा. डॉक्टरांना लवकर दाखवावे, कारण हर्पीसचे औषध सुरुवातीलाच अधिक उपयोगी पडते. उपदंशाचा व्रण बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. रोग मात्र शरीरात राहतो. पेनिसिलिनने तो बरा होतो. म्हणून फोड गेला म्हणजे रोग गेला, असे समजू नये.

प्रश्नपेटीतली ती चिठ्ठी बाजूला सारू नये. 'कारणे अनेक असतात, तपासल्याशिवाय नाव देता येत नाही,' एवढे वर्गात शांतपणे सांगितले, तरी एखादा मुलगा भोंदू वैद्याकडे न जाता दवाखान्यात जाईल.