वसई दोनदा पडली

डोंबिवलीत तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर ठाणे, कल्याण आणि वसई इथल्या जुन्या घटनांचा तारीखवार तक्ता करायला घेतला. तो सवयीच्या ‘आर’ या संगणकभाषेतच केला.

पहिली नोंद १६ एप्रिल १८५३ ची. त्या शनिवारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. ‘आर’ १ जानेवारी १९७० पासून दिवस मोजते, त्याआधीचे दिवस उणे. ठाण्याची गाडी तिच्या हिशेबी उणे ४२,६२८, तर १ मे १८५४ ची कल्याणची गाडी उणे ४२,२४८. वजा केलं की कळतं, ठाण्यानंतर कल्याणपर्यंत गाडी सुरू व्हायला ३८० दिवस लागले. अशी वजाबाकी जमते म्हणून ही भाषा मला आवडते.

मात्र तिला सगळं नीट सांगावं लागतं. साल नुसतं ‘५३’ लिहिलं, तर ती २०५३ धरते. ६८ पर्यंतचे आकडे तिच्या लेखी या शतकातले. यंत्राची भाषा इंग्रजी असताना ‘एप्रिल’ मराठीत लिहिलं, तर तारखेच्या जागी ‘एनए’, म्हणजे ‘माहिती नाही’, येतं. महिने निव्वळ शब्द म्हणून दिले, तर ती अकारविल्हे लावते आणि जानेवारीच्या आधी एप्रिल येतो. क्रम आपण ठरवून द्यायचा.

या चुका निदान डोळ्यांना दिसतात. वसईची दिसली नाही. मराठ्यांचे सेनापती चिमाजी आप्पा यांच्यापुढे पोर्तुगीज शरण आले, ती तारीख एका टिपणात ५ मे १७३९ होती, दुसऱ्यात १६ मे. दोन्ही मी भरल्या, दोन्ही ‘आर’ने मुकाट्याने घेतल्या. माझ्या तक्त्यात वसई अकरा दिवसांत दोनदा पडली.

खरं तर दिवस एकच. पोप ग्रेगरींची पंचांगातली सुधारणा पोर्तुगालने १५८२ मध्येच स्वीकारली, तेव्हा वसईचं दफ्तर नव्या पंचांगाने चाले. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुनंच पंचांग धरून होते. १७०० हे जुन्या गणितात लीप वर्ष, नव्यात नाही. म्हणून दहा दिवसांचा फरक त्या वर्षी अकरा झाला. शिवाय इंग्रजांचं साल २५ मार्चला बदले. पेशव्यांच्या पत्रांत तिसरीच रीत: मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, आणि अरबी शब्दांतला सुहूर सन. ‘आर’ मात्र ग्रेगरींचंच पंचांग कितीही मागे ताणते.

पंचांगांचा मेळ घालण्याचं हे ओझं आपल्या माणसांनी यंत्राविना पेललं आहे. मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सेवेल यांच्यासह १८९६ मध्ये ‘द इंडियन कॅलेंडर’ प्रसिद्ध केलं. इसवी सन ३०० ते १९०० एवढ्या काळाचा मेळ त्यात आहे. त्यांच्या कोष्टकांपुढे मी हात जोडते.

आता तक्त्यात दोन रकाने वाढवले आहेत. एकात मूळ कागदावरची मिती जशीच्या तशी, दुसऱ्यात ती कोणाच्या पंचांगातली ते. वसईसमोर ५ मे, १६ मे आणि शके १६६१ चा वैशाख एका ओळीत बसले आहेत. पहिल्या गाडीच्या ओळीतही भर पडली: शके १७७५, चैत्र शुद्ध पक्ष. रुळांच्या कडेला उभ्या असलेल्या ठाणेकरांचा महिना तोच होता.