खुर्ची उलटी करून पाहा

आमच्या घरात चार खुर्च्या होत्या. पाठीला एकात एक बसवलेल्या दोन गोल कमानी, वेताची बैठक, काळपट तपकिरी रंग. जुन्या इराणी हॉटेलात तुम्ही कधी चहा घेतला असेल, तर बहुधा अशाच खुर्चीवर बसून घेतला असेल. ‘टिळक गेले त्या साली या खुर्च्या मुंबईहून आणल्या,’ असं माझे पणजोबा सांगत. अब्बा तेच आल्यागेल्याला सांगायचे आणि वर जोडायचे, ‘गेले म्हणजे मंडालेला. १९०८ साल.’ घराण्याच्या अशा गोष्टींना कुणी पुरावा मागत नाही. मीही मागितला नव्हता.

बहिणीच्या लग्नाच्या वेळी घराला रंग काढला. तीन खुर्च्या पॉलिशवाल्याकडे गेल्या आणि चकचकीत होऊन परत आल्या. चौथीचा पाय मोडलेला, म्हणून ती माळ्यावर पडली. बऱ्याच वर्षांनी ती खाली काढून उलटी केली, तेव्हा बैठकीच्या कड्याला आतून ठसा दिसला : ‘थोनेट’, आणि त्याखाली ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’.

मिखाएल थोनेट हा ऱ्हाईनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार. जन्म १७९६चा. १८४२ साली तो व्हिएन्नाला गेला. बीचच्या लाकडाचे दांडे वाफेवर मऊ करायचे, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी बांधून साच्यात वाकवायचे आणि वाळवायचे, ही त्याची युक्ती. पट्टीमुळे लाकूड तडकत नसे. १८५९ साली त्याची ‘१४ नंबर’ची खुर्ची बाजारात आली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, एवढाच तिचा संसार. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती जहाजातून जगभर गेली. १९३०पर्यंत अशा पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. १८६९ साली त्याच्या पेटंटची मुदत संपली, तेव्हा कोन आणि इतर कारखानदारही तशाच खुर्च्या करू लागले. त्यामुळे नुसतं रूप पाहून काळ ठरवता येत नाही.

काळ सांगतो तो ठसा. थोनेटचे कारखाने ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या बीचच्या जंगलांजवळ होते. ते साम्राज्य १९१८ साली कोसळलं आणि त्यातून चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश निघाला. तेव्हा त्या देशाचं नाव असलेली खुर्ची १९१८च्या आधीची असूच शकत नाही. पोलंडच्या ठशाचंही तसंच. १७९५ ते १९१८ या काळात पोलंड स्वतंत्र देश म्हणून नकाशावर नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातले कारखाने सरकारने घेतले आणि १९५३पासून तिथला माल ‘टॉन’ या नावाने निघू लागला. म्हणजे आमची खुर्ची १९१८ आणि १९५३ यांच्या मधली. तो देशही १९९२च्या अखेरीस संपला. खुर्ची अजून आहे.

ठसा नसेल तर लाकडाच्या रेघा पाहा. वाकवलेल्या दांड्यात रेघ वळणाबरोबर वळते. फळीतून कापून काढलेल्या नकलेत ती वळणावर तुटते आणि जोडही दिसतो. स्क्रू पाहा. डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू १९३०च्या दशकातला किंवा नंतरचा. पण दुरुस्तीत स्क्रू बदलतात, म्हणून एकट्या स्क्रूवर निकाल देऊ नका. बैठकीवरही नको, वेत पुन्हा पुन्हा विणला जातो.

मी हे सगळं अब्बांना उत्साहाने सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘म्हणजे माझे आजोबा खोटं बोलत होते?’

मला उत्तर सुचेना. रात्री पडल्यापडल्या पणजोबांचं वाक्य पुन्हा आठवलं. ते ‘टिळक गेले’ एवढंच म्हणत. मंडाले अब्बांनी जोडलं होतं. टिळक मुंबईतच गेले, १ ऑगस्ट १९२० रोजी. आपल्या भाषेत ‘गेले’चा पहिला अर्थ तोच ना! साल ठशाशीही जुळतं. सकाळी अब्बांना सांगितलं. त्यांनी ती मोडकी खुर्ची जवळ ओढली, ठशावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘हिचा पाय बसवून घे. पण घासू नको.’

बाकीच्या तिघींच्या पोटाशीही काही लिहिलेलं असेल. पॉलिश पेपरखाली ते गेलं, आणि पैसे मोजून घालवलं ते आम्हीच. तुमच्याकडे अशी खुर्ची असेल, तर सुताराला बोलावण्याआधी ती एकदा उलटी करून पाहा. ओल्या फडक्याने पुसू नका, कागदी चिठ्ठी असेल तर सुटेल. जे दिसेल ते उतरवून ठेवा. आणि घरातलं जाणतं माणूस त्या खुर्चीबद्दल जे सांगतं, तेही त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, आपली भर न घालता.